बातमी पास करणारे मास्तर

जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत एखादा उंदीर ठरल्यापेक्षा चार दिवस जास्त जगला, तर ती गोष्ट त्या उंदराच्या घरच्यांना कळायच्या आधी आमच्या कलरमास्तरांना कळते, असं माझं अनुभवाने बनलेलं मत आहे. आमची मिल सुरतेबाहेर कडोदरा रस्त्यावर. कापडाला रंग देणं हा आमचा धंदा. दिवसभर वाफ, रसायनांचा वास आणि मशीनची घरघर. अशा ठिकाणी सकाळी साडेदहाच्या चहाला मंगळावरचं पाणी, डुकराची किडनी, आपोआप चालणारी मोटार आणि माणसासारखं बोलणारा कॉम्प्युटर यांची रोज नियमाने विचारपूस होते, आणि ती करणारा माणूस दहावीला विज्ञानात नापास झालेला आहे. "विज्ञानाने मला एकदा नापास केलं," मास्तर म्हणतात, "तेव्हापासून मी त्याला रोज परीक्षेला बसवतो."

मास्तर मूळचे दोंडाईच्याकडचे. मामाबरोबर सुरतेला आले तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं. आधी कापड रंगवायच्या जेट मशीनवर ओलं कापड ओढलं, मग रंगाच्या कोठीत पावडरी मोजल्या, आणि मोजता मोजता त्यांच्या डोळ्यांची ख्याती झाली. पार्टीने, म्हणजे कापडाच्या व्यापाऱ्याने, एक चिंधी आणून दिली की त्याच चिंधीचा रंग आम्हाला हजारो मीटर कापडावर चढवायचा असतो. आधी लॅबमध्ये छोटा तुकडा रंगवायचा, पार्टीच्या तुकड्याशेजारी ठेवायचा आणि शेड जुळली की नाही ते ठरवायचं. ते ठरवतात मास्तर. लॅबला उत्तरेकडे तोंड असलेली एक खिडकी आहे. तिथे ऊन थेट येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. त्या खिडकीपाशी मास्तरांची खुर्ची. मास्तर दोन तुकडे धरतात, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करतात आणि म्हणतात, "पास." नाहीतर म्हणतात, "रिपीट." क्वचित, मन द्विधा असेल तर, "होल्ड." या तीन शब्दांवर आमची मिल चालते. बारीक अंगाचे, साठीला टेकलेले मास्तर, दहा बोटांच्या नखांना कायम चार-पाच रंग. त्यांच्या नखांकडे बघून आज कुठला लॉट चालू आहे, हे वॉचमनलाही सांगता येतं.

आता कापडाला लावतात तीच पद्धत हा माणूस बातम्यांना लावतो, हे मी सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण त्यांच्याकडे एक जाड वही आहे. तीत डाव्या बाजूला बातमीचं कात्रण, उजव्या बाजूला मास्तरांचा शेरा आणि खाली लॅबचा रबरी शिक्का. पर्वत पाटिया भागात त्यांच्या राहत्या बिल्डिंगखाली गुजराती आणि हिंदी पेपर मिळतो. मराठी पेपरसाठी ते वाट वाकडी करून उधना स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर जातात. तिन्हीत एकच बातमी तीन तऱ्हेने आली, की त्यांच्या चेहऱ्यावर पार्टीची खोड पकडल्याचा आनंद दिसतो. चंद्रावर आपलं यान उतरलं, त्या बातमीवर वहीत ठळक "पास" आहे. कृष्णविवराच्या फोटोवर मात्र "रिपीट" मारलेलं आहे आणि शेजारी लिहिलं आहे, 'शेड क्लिअर नाही. परत काढावा.' कॉफी प्यायल्याने आयुष्य वाढतं आणि कॉफी प्यायल्याने हृदय बिघडतं, अशा दोन बातम्या समोरासमोरच्या पानांवर "होल्ड" होऊन पडल्या आहेत. मास्तर अधूनमधून ते पान उघडतात, दोघींकडे बघतात आणि मिटतात.

चहाच्या वेळी बातमी सांगणाऱ्याला चार प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. कोणावर केलं, उंदरावर की माणसावर? किती जणांवर? न केलेल्यांशी ताडून बघितलं का? आणि चौथा प्रश्न खास आमच्या मिलचा, आपल्यावर करून बघता येतं का? या प्रश्नांमुळे आमच्या चहाच्या टेबलावर टिकून राहणारी माणसं थोडी. एक रमणभाई, बॉयलर सांभाळणारे, मास्तरांच्याच वयाचे आणि जगातल्या सर्व संशोधनाविषयी उदासीन. "मास्तर, उंदर पर थयुं ने?" ते बशीत चहा ओतत म्हणतात. "तो उंदरने कहो. मने शुं काम कहो छो?" उंदरावर झालं तर उंदराला सांगा, मला कशाला, हे त्यांचं ठरलेलं. दुसरी हेतल, आमच्या शेड मोजणाऱ्या कॉम्प्युटर मशीनवर बसणारी मुलगी. तिच्या मोबाइलवर येणाऱ्या निम्म्या बातम्या मास्तर पहिल्याच प्रश्नाला बाद करतात. तिसरा मी.

मी शहाद्याचा. वडिलांचं एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो आणि केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या कॉलेजात एका ब्युरेटवर चौघं असायचो. एकाने तोटी फिरवायची, एकाने फ्लास्क हलवायचा, एकाने आकडा वाचायचा आणि चौथ्याने लिहून घ्यायचा. मी तिन्ही वर्षं चौथा होतो. मला ही नोकरी लागली तेव्हा हे सगळं मी मास्तरांना सांगून टाकलं होतं, पण त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. त्यांच्या दृष्टीने बी.एस्सी. म्हणजे बी.एस्सी. त्यांनी माझं नावच ते ठेवलं. "काय रे बी.एस्सी., कृष्णविवराच्या आत काय असतं?" "बी.एस्सी., डुकराची किडनी माणसात बसते, मग माणसाची डुकरात बसेल का?" मला येत नसायचं. पण माहीत नाही म्हटलं की मास्तर नाराज होत नसत. "मग उद्या सांग," म्हणायचे. त्यामुळे पदवी मिळण्यापूर्वी मी जेवढा अभ्यास केला, त्याच्या तिप्पट पदवी मिळाल्यावर केला. कोसाडच्या माझ्या खोलीत मी इंग्रजी लेख डिक्शनरी घेऊन वाचायला शिकलो तो या एका माणसाच्या चहासाठी. माझ्या गुरुजनांविषयी मला आदर आहे, पण मला शिकवलं कोणी असं विचारलं, तर मी मास्तरांचंच नाव घेईन.

आपल्यावर करून बघण्याचा मास्तरांचा हट्ट रमणभाईंना एकदा चांगलाच भोवला. बॉयलरच्या वाफेवर उकळलेला चहा गॅसवरच्या चहापेक्षा चांगला लागतो, असं रमणभाई कैक वर्षं सांगत आले होते. मास्तरांनी एके दिवशी दहा पेल्यांना खालून नंबर चिकटवले, काहींत वाफेचा चहा, काहींत गॅसचा, आणि कुठल्यात कुठला हे फक्त हेतलला माहीत. रमणभाईंनी प्रत्येक घोटाला डोळे मिटून ठाम निकाल दिला. दहातले पाच बरोबर आले. "पाच म्हणजे नाणं," मास्तर म्हणाले. "नाणं उडवून सांगितलं असतंस, तरी एवढेच आले असते." रमणभाई दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते वाफेवरचा चहा घेऊनच.

जगातल्या प्रत्येक यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्या मास्तरांचा आमच्याच लॅबमधल्या मशीनवर मात्र काडीचा विश्वास नव्हता. कॉम्प्युटर बुद्धिबळ खेळतो, एक्स-रे वाचतो, हे ते कौतुकाने सांगत, आणि हेतलच्या मशीनने शेडमध्ये फरक दाखवला की म्हणत, "मशीन सांगतं, पण ठरवतो डोळा." त्यात पांढऱ्या कापडाच्या बाबतीत त्यांच्याकडे सबळ कारण होतं. पांढऱ्याला चमक आणण्यासाठी आम्ही जी पावडर घालतो, तिच्यामुळे मशीनचाही गोंधळ होतो. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे पांढरं काम फारसं नसायचंच. लाल, मोरपंखी, जांभळा, यांत मास्तरांचा डोळा आजही मशीनला हार जात नाही.

गेल्या वर्षी मात्र शेठनी पांढऱ्या कापडाची मोठी ऑर्डर घेतली. युनिफॉर्मचं कापड होतं. पहिला लॉट मास्तरांनी पास केला आणि पार्टीने परत पाठवला, म्हणे अर्धे तागे पिवळट आहेत. मास्तरांनी दोन तुकडे खिडकीत धरले, मान डावी-उजवी केली. "सारखेच तर आहेत," म्हणाले. मग त्यांनी शोध सुरू केला. शेड बघण्याच्या पेटीतली ट्यूब जुनी झाली असं ठरलं. नवी आणली. ती बरोबर नाही म्हणून तिसरी आणली. मग बोअरच्या पाण्यावर संशय गेला. मास्तर सात दिवस सात बाटल्यांत पाणी घेऊन बसले. मग खिडकीची काच. ती त्यांनी स्वतः स्टुलावर चढून आतून-बाहेरून पुसली. मग समोरच्या गोडाऊनला नवा पिवळा रंग दिलाय, त्याची झाक खिडकीतून येते, असा निष्कर्ष निघाला आणि दोन दिवस आम्ही खिडकीबाहेर पांढरी चादर बांधून काम केलं. एवढा कसून तपास मी कुठे पाहिलेला नाही. त्या लॅबमध्ये संशय घ्यायची एकच वस्तू राहिली होती आणि ती मास्तरांच्या चष्म्यामागे होती.

तो पिवळटपणा मला पहिल्याच लॉटला दिसला होता, पण मी गप्प बसलो. भीती वाटत होती म्हणून नव्हे. मास्तरांना जे सारखं दिसतं ते मला वेगळं दिसत असेल, तर दोष माझ्या डोळ्यात असणार, असंच मला वाटायचं. चौथ्या नंबरवर उभं राहून आकडे लिहून घेणाऱ्या माणसाला, आकडा वाचणाऱ्याचं चुकतंय असं एकदम म्हणता येत नाही. दुसरा लॉट परत आला, तेव्हा शेठ लॅबमध्ये आले. शेठ मास्तरांना मानतात, आवाज चढवत नाहीत. "मास्तर, हजी एक लॉट पाछो आव्यो, तो पछी मशीन कहे ते फाइनल," एवढंच म्हणाले आणि गेले. आणखी एक लॉट परत आला, तर शेवटचा शब्द मशीनचा. दुपारी मी बघितलं, मास्तर खुर्चीत बसून रुमालाने खुर्चीचा हात पुसत होते, जसे घर बदलताना लोक सामान पुसतात.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेला लेख माझ्या वाचनात आला. ती बातमीसुद्धा नव्हती. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं, मोतीबिंदू त्यातलाच, आणि माणसाला ते कळत नाही, कारण सगळं जगच थोडं थोडं पिवळं होत जातं. फिका पिवळा आणि पांढरा यांतला फरक आधी पुसला जातो. मी तो लेख तीनदा वाचला आणि हेतलला दाखवला. ती म्हणाली, "तू सांग. मी सांगितलं तर वाटेल, मशीनची बाजू घेते." मग आम्ही ठरवलं की हे मास्तरांना सांगायचं नाही, त्यांच्या वहीत घालायचं.

दुसऱ्या दिवशी चहाला मी बातमी म्हणून तो लेख वाचून दाखवला. मास्तरांना बातमी फार आवडली. "कोणावर केलं?" "माणसांवरच," मी म्हणालो. "बरं. आपल्यावर करून बघता येतं का?"

"येतं," मी म्हणालो. "दहा जोड्या करायच्या. काही जोड्यांत दोन्ही तुकडे सारखे, काहींत एक किंचित पिवळट. सारखे की वेगळे, एवढंच लिहायचं."

मास्तर एकदम उत्साहात आले. नियम त्यांनीच कडक केले. जोड्या हेतलने करायच्या, पण दाखवायच्या मी, आणि मलाही कुठली जोडी कुठली हे माहीत नसावं, नाहीतर माझ्या चेहऱ्यावरून कळेल. कोणी कोणाच्या कागदात बघायचं नाही. उजेड उत्तरेचाच. हेतलने आतल्या खोलीत जोड्या केल्या, मागे नंबर घालून यादी बनवली आणि तिलाही ओळखू येऊ नयेत म्हणून पिसून आणल्या. रमणभाई म्हणाले, "आमां चा पीवानी छे के नहीं?" चहा नाही हे कळल्यावर नाइलाजाने खिडकीपाशी आले.

दहा जोड्या झाल्या. मास्तरांनी चौघांचे कागद गोळा केले आणि हेतलच्या यादीशी स्वतः ताडले. हेतलचे नऊ, माझे नऊ. रमणभाईंचे पाच. मग मास्तरांनी स्वतःच्या कागदावर पेन्सिल फिरवली, खालपर्यंत आले, परत वर गेले.

"माझे पाच," ते म्हणाले. पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "नाणं."

"मारे पण पांच ज छे," रमणभाई घाईने म्हणाले. "आपण बेउ सरखा."

मास्तरांनी रमणभाईंचा कागद उजेडात धरला. "रमणभाई, तीन ठिकाणी तू लिहिलेलं खोडून उलटं लिहिलंयस. आधी आठ बरोबर होते. माझा कागद बघून बदललेस ना?" रमणभाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. "प्रयोग बिघडवलास," मास्तर म्हणाले, पण ते रागावलेले नव्हते. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "रिपीट."

रिपीट केलं. पुन्हा पाच आले.

त्यानंतर चार दिवस आमच्या चहाला बातमी नव्हती. मास्तर यायचे, चहा प्यायचे, बशी उपडी ठेवून जायचे. जगात त्या चार दिवसांत काहीच घडलं नसावं, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी न राहवून रमणभाईंनीच पेपरमधली एक बातमी वाचायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. पण मास्तरांनी उंदराबद्दलसुद्धा विचारलं नाही, तेव्हा तेही थांबले. पाचव्या दिवशी सुटी झाल्यावर मी रिक्षासाठी रस्त्याला उभा होतो. मास्तर शेजारी येऊन उभे राहिले. ते मिलमध्ये माझ्याशी अहिराणीत कधीच बोलत नाहीत. म्हणतात, घरची भाषा घरी. त्या दिवशी रस्त्याकडे बघत हळूच म्हणाले, "मन्हा डोया खराब शेतस का रे भो?"

"मोतीबिंदू असंल मास्तर," मी म्हणालो. "ऑपरेशन व्हस. रोज व्हस."

"ते माहीत शे. आपल्या वहीत पास शे ते." मग मराठीवर आले. "ऑपरेशनची भीती नाही. भिंग नवं बसेल, दिसेलही. पण जुळवायची सवय या डोळ्याला आहे. नव्या डोळ्याला काय माहीत पास कशाला म्हणायचं?"

मी उद्या सांगतो म्हणालो. ते हसले.

डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मीच गेलो. मोठा मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर तरुण होते, त्यांना आपल्यासमोर कोण बसलंय याची कल्पना नव्हती. "किती जणांवर केलंय?" मास्तरांनी विचारलं. "आज सकाळपासून सात," डॉक्टर म्हणाले. "त्यांना नंतर निळा कसा दिसला?" डॉक्टर म्हणाले, "निळा? निळा खूप चांगला दिसतो, काका. लोक म्हणतात, इतका निळा कधी बघितलाच नव्हता." मास्तरांनी खिशातून चिंधी काढून त्यावर पेन्सिलीने काहीतरी टिपून घेतलं. मला वाटतं, तिथे त्यांचा होकार झाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते शेठकडे गेले आणि वांधा ट्यूबमध्ये, पाण्यात किंवा मशीनमध्ये नव्हता, तो आपल्यात होता, असं सरळ सांगून आले. शेठ म्हणाले, दोन्ही डोळे होईपर्यंत पांढऱ्याचं काम बी.एस्सी. बघेल. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. उत्तरेच्या खिडकीपाशी त्या खुर्चीत बसलो, तेव्हा मला दुसऱ्याच्या चपला घालून देवळातून बाहेर पडल्यासारखं वाटत होतं. मी आजही तिच्या कडेवरच बसतो.

उजवा डोळा झाल्यावर दहा-बारा दिवसांनी मास्तर काळा चष्मा लावून आले आणि आमचा चहा पुन्हा सुरू झाला. आता बातमी म्हणजे ते स्वतःच होते. एक पांढरा तुकडा धरायचे, डावा डोळा झाकून उजव्याने बघायचे, मग उजवा झाकून डाव्याने. "या डोळ्याने पांढरा. या डोळ्याने चहा सांडून धुतलेला. एकच तुकडा, एकच माणूस. ताडून बघायला दुसरा उंदीर शोधायची गरज नाही." घरी त्यांनी बायकोची साडी, देव्हाऱ्यातला शंख, बाथरूमची टाइल, सगळं दोन्ही डोळ्यांनी तपासलं. मावशींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मला फोन करून विचारलं, "हे सारखे एकेक डोळा मारतात, हे ऑपरेशनचंच आहे ना?" दुसऱ्या डोळ्याची तारीख मास्तर दोनदा पुढे ढकलून आले. डॉक्टरांना म्हणाले, प्रयोग चालू आहे.

मग त्यांनी आणखी एक काम काढलं. लॅबमध्ये आमची शेडची कार्डं असतात. पास झालेल्या प्रत्येक रंगाचा आमचा तुकडा आणि पार्टीचा तुकडा शेजारी शेजारी, खाली तारीख आणि शिक्का. त्यांतली पांढरी, दुधी, मोतिया अशी फिकी कार्डं त्यांनी काढली आणि नव्या डोळ्याने मागे मागे जायला लागले. आपला डोळा नक्की कधी बिघडायला लागला ते त्यांना हवं होतं. कार्डं थोडी होती. दुपारभर ते एकेक खिडकीत धरत होते आणि "हे चुकलं. हे चुकलं," असं शांतपणे म्हणत बाजूला ठेवत होते. आणि मी खुर्चीच्या कडेवर बसून घाबरत होतो, कारण मागे मागे जाताना कुठलं कार्ड येणार ते मला माहीत होतं.

मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या महिन्यात एक दुधी पांढरा मास्तरांनी मला एकट्याला जुळवायला दिला होता. तीन दिवस मी बीकर ढवळत होतो. मी तुकडा नेऊन दिला, मास्तरांनी खिडकीत धरला, मान डावी-उजवी केली आणि म्हणाले, "पास." माझ्या आयुष्यातला तो पहिला पास. पार्टीने पुढे ती ऑर्डरच बदलली, त्यामुळे तो रंग कापडावर चढला नाही. पण उरलेला तुकडा मी घरी नेला. तो अजून शहाद्याच्या दुकानात टेबलाच्या काचेखाली आहे. पंक्चर काढायला आलेल्यांना वडील तो दाखवतात, पोराने बनवलेला रंग म्हणून. कोणी विचारलं की हा तर पांढरा, यात रंग कुठाय, तर म्हणतात, "पांढरा सगळ्यात अवघड असतो."

ते कार्ड आलं. मास्तरांनी ते उजव्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं. तारीख वाचली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी तुला काय दिसलं होतं?"

"किंचित पिवळा," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही पास म्हणालात."

बाहेर कापडाची ढकलगाडी खडखडत गेली. मग मास्तरांनी हाताने उजवा डोळा झाकला आणि कार्ड डाव्या, जुन्या डोळ्यासमोर धरलं. मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे केली.

"या डोळ्याने पास आहे," ते म्हणाले आणि कार्ड होतं त्या जागी लावून टाकलं. नंतर दाराशी जाऊन परत वळले. "यापुढे तुला जे दिसेल ते आधी बोलायचं. मग मी बघेन."

पुढच्या महिन्यात त्यांचा डावा डोळाही होईल. आता तारीख पुढे ढकलायची नाही, असं मावशींनी बजावलं आहे. मग ते पुन्हा त्यांच्या खुर्चीत बसतील, मी माझ्या स्टुलावर जाईन, आणि कॉफीच्या त्या दोन बातम्यांचा नव्या डोळ्यांनी एकदा निकाल लागेल, अशी आम्हाला सगळ्यांना आशा आहे. फक्त माझा पहिला तुकडा ज्याला पांढरा दिसतो असा सुरतेतला शेवटचा डोळा त्या दिवशी जाईल. त्यानंतर उरतील ते दोन, शहाद्याला, सायकलच्या दुकानात. वडील हल्ली व्हॉल्व्हची पिन चाचपडत शोधतात, हे मी गेल्या खेपेला पाहिलंय. त्यांचेही डोळे तपासून घ्यायला हवेत, हे मला कळतं. कधी न्यावं, असं मास्तरांना विचारलं तर ते म्हणतील, उद्याच. म्हणून मी त्यांना अजून विचारलेलं नाही.